‘आज सापडलं!’: अण्णांच्या २३० फुटांचा प्रकरण अभ्यास

अण्णांची वही सध्या माझ्याकडे आहे. शंभर पानी, मागच्या बाजूला पाढे छापलेली. मुलीच्या रविवारच्या मराठी शाळेसाठी सांगलीहून आणलेल्या गठ्ठ्यातली उरलेली एक. पहिल्या पानावर नुसते आकडे: २२५, २३०, २१८, २२९, २३०. हे फूट आहेत. २३० फूट म्हणजे ७० मीटर. दर शनिवारी सकाळी सॅन होजेतल्या एका मोकळ्या मैदानावर डिस्क गोल्फच्या दहा डिस्क फेकायच्या, त्यातल्या सर्वांत लांब गेलेल्या तीन फेकींची सरासरी काढून लिहायची, हा त्यांचा नेम. वही जानेवारी २०२२ मध्ये सुरू होते. पुढचे चौदा महिने आकडा २३० च्या पलीकडे जात नाही. मग तो घसरून १९० वर येतो, आणि त्यानंतरच्या दहा महिन्यांत ३०५ ला पोचतो. माणूस तोच, वय ४४, पोट होतं तेवढंच, व्यायाम शून्य.

आकड्यांशेजारी त्यांनी एक रकाना आखला आहे: ‘काय कळलं’. त्यात मी मोजलं तर अकरा वेळा ‘आज सापडलं!’ असं उद्गारचिन्हासकट लिहिलेलं सापडतं. अकरापैकी खरं निघालं ते तीनदाच. बाकीचे आठ साक्षात्कार पुढच्या एक-दोन शनिवारांत वाहून गेले. तीनच का टिकले, हे मला त्या मैदानावर फोन धरून उभं राहिल्यामुळे थोडंफार दिसलं, तेच इथे मांडतो. मी स्वतः अण्णांपेक्षा वाईट खेळतो, हेही आधीच सांगून टाकतो.

ज्यांनी डिस्क गोल्फ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नियम गोल्फचेच, पण काठी-चेंडूऐवजी फ्रिस्बीच्या जातीची तबकडी आणि भोकाऐवजी साखळ्या लटकवलेली लोखंडी टोपली. टीवरून, म्हणजे सुरुवातीच्या जागेवरून, फेकायचं, जिथे पडेल तिथून पुन्हा फेकायचं, कमीत कमी फेकींत टोपली गाठायची. तबकडी समुद्रकिनाऱ्यावरच्या फ्रिस्बीपेक्षा लहान आणि जड असते. २१ सेंटीमीटरच्या आसपास व्यास, १७० ते १७५ ग्रॅम वजन. टोपलीजवळ वापरायच्या पटरची कड जाड आणि बोथट, लांब फेकायच्या ड्रायव्हरची कड रुंद आणि धारदार. खेळाचा पहिला कायमचा कोर्स १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातच, पॅसाडेनाजवळच्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये एड हेड्रिक यांनी आखला. व्हॅम-ओ कंपनीत फ्रिस्बीला आजचं रूप देणारा हा माणूस. पुढच्याच वर्षी त्यांनी खेळाडूंची संघटना, पीडीजीए, काढली. २००२ मध्ये ते गेले तेव्हा त्यांच्याच इच्छेनुसार त्यांची रक्षा प्लास्टिकमध्ये मिसळून डिस्क ओतल्या गेल्या. आपल्या अस्थी रामकुंडात जातात, ह्यांच्या डिस्कमध्ये गेल्या. अण्णा ही गोष्ट प्रत्येक नव्या माणसाला सांगतात, आणि सांगून झाल्यावर हातातली डिस्क थोडी आदराने पुसतात.

अण्णा मूळचे क्रिकेटवाले. सांगलीत कॉलेजच्या संघात मध्यमगती गोलंदाजी, इथे आल्यावर ऑफिसच्या शनिवार-रविवारच्या लीगमध्ये. २०२० च्या साथीत सामने बंद पडले, बागा मात्र उघड्या होत्या, आणि हेलियर पार्कमध्ये चालायला गेलेले अण्णा तिथल्या टोपल्यांपाशी रेंगाळू लागले. पहिली डिस्क घेतली ती डिस्ट्रॉयर. दुकानातल्या भिंतीवर सर्वांत लांब जाणारी म्हणून हीच होती. डिस्कवर चार आकडे छापलेले असतात: वेग, तरंगणं, सुरुवातीचं उजवीकडे वळणं आणि शेवटचं डावीकडे झुकणं. डिस्ट्रॉयरचे १२, ५, उणे १, ३. पहिला आकडा १२ म्हणजे ही डिस्क ठरल्यासारखी उडायला हातात तेवढा वेग लागतो. तो नसेल तर ती उजवीकडे वळतच नाही, लगेच डावीकडे कलून खाली बसते. उजव्या हाताने बॅकहँड फेकणाऱ्याच्या बाबतीत हे सगळं. डावखुऱ्यांनी आरशात पाहावं. शेवटच्या त्या डावीकडच्या झुकण्याला खेळाडू फेड म्हणतात, आणि अण्णांच्या डिस्कचा पहिल्या चौदा महिन्यांतला बहुतेक प्रवास फेडच होता.

त्या चौदा महिन्यांतल्या नोंदी आज वाचताना करमणूक होते. ‘पकड घट्ट. आज सापडलं!’ तीन आठवड्यांनी: ‘पकड सैल. आज सापडलं!’ मग ‘हात आणखी मागे न्यायचा’, ‘धावत यायचं’, ‘धावायचं नाही’, ‘श्वास सोडत’, ‘नजर टोपलीवर’. एका पानावर ‘कंबर आधी, हात नंतर’ असंही आहे. गंमत म्हणजे हे वाक्य शब्दशः बरोबर आहे. जगातला प्रत्येक प्रशिक्षक हेच सांगतो. पण अण्णांनी ते लिहिलं त्या दिवशीचा आकडा २३० आणि पुढच्या शनिवारचा २२२.

असं का होतं? दहा फेकींतल्या उत्तम तिघींची सरासरी काढली की वाऱ्याची एक झुळूक, अंग तापलेलं असणं, रात्री झोप लागलेली असणं, यांतलं काहीही आठ-दहा फुटांचा फरक पाडतं. त्या दिवशी डोक्यात जी सूचना चालू असेल तिला श्रेय मिळतं. शिवाय नवी सूचना आली की माणूस चार फेकी सावधपणे करतो, आणि नुसत्या सावधपणानेही थोडा फरक पडतोच. मार्च २०२३ मध्ये मी अण्णांना एक अट घातली. महिन्याला एकच गोष्ट बदलायची, ती लागोपाठ चार शनिवार टिकली तरच ‘सापडलं’ लिहायचं, आणि डिस्ट्रॉयर घरी ठेवायची. तिच्याजागी लेपर्ड, वेग ६, स्वभावाने गरीब. अण्णांनी अट मान्य केली, डिस्ट्रॉयर मात्र पुढचे दोन महिने गाडीच्या डिकीत होती.

त्याच शनिवारी मी पहिल्यांदा त्यांचा थ्रो मागून आणि बाजूने, सेकंदाला २४० चित्रं घेणाऱ्या स्लो-मोशनमध्ये टिपला. दोघांनी गाडीच्या बॉनेटवर फोन टेकवून पाहिला.

“हा मी नव्हे,” अण्णा म्हणाले.

“तुम्हीच आहात. टोपी बघा.”

“अरे, पण मी तर हात सरळ मागे नेतोय ना? हा तर कुणाला तरी मिठी मारतोय!”

‘मिठी’ हा शब्द तेव्हापासून आमच्या गटात पक्का झाला. इंग्रजीत याला राउंडिंग म्हणतात. बॅकहँडमध्ये खेळाडू उजवा खांदा लक्ष्याकडे करून उभा राहतो, डिस्क डावीकडे मागे नेतो आणि छातीसमोरून ओढत पुढे आणतो. अण्णांची डिस्क मागे जाताना पाठीच्या मागे वळत होती आणि पुढे येताना दंड छातीला चिकटत होता. सरळ रेषेऐवजी ती छातीला गोल वळसा घालून येत होती. दंड छातीला चिकटला की कोपराचा बिजागर मिटतो आणि पुढच्या हाताला उघडायला जागाच उरत नाही. आसूड ओढताना मूठ आधी पुढे जाते, मूठ मंदावली की दोर सरसरत सुटतो आणि टोक सर्वांत शेवटी, सर्वांत वेगाने फिरतं. इथे मूठ म्हणजे खांदा आणि दंड, दोर म्हणजे कोपरापासून पुढचा हात, टोक म्हणजे डिस्क. अण्णांचा दोर मुठीलाच गुंडाळलेला होता.

अण्णांना हे आधी कुणी सांगितलं नव्हतं असं अजिबात नाही. त्यांनी किमान वीस व्हिडिओंमध्ये ‘राउंडिंग टाळा’ ऐकलं होतं आणि प्रत्येक वेळी मनाशी म्हटलं होतं की आपण ते करतच नाही. हात सरळ जातोय असं त्यांना आतून खरोखर वाटत होतं. अंगाला वाटतं ते आणि अंग करतं ते यांत किती अंतर असू शकतं याचा तो पुरावा बॉनेटवर पडून होता.

उपाय घरातलाच निघाला. दिवाणखान्यातला तक्क्या. छाती आणि उजवा दंड यांच्यामध्ये तक्क्या धरायचा आणि डिस्कविना थ्रोची हालचाल करायची. तक्क्या दबला की मिठी, नाही दबला तर जागा राहिली. गॅरेजमध्ये रोज रात्री पन्नास वेळा. वहिनींनी तक्क्याचा अभ्रा दोनदा बदलला आणि तिसऱ्यांदा तक्क्याच बदलला.

आणि मग आकडे पडले. २३० वरून १९६. पुढच्या शनिवारी १८८. मग १९०.

“तुझ्या त्या व्हिडिओनं माझे चाळीस फूट खाल्ले,” अण्णा म्हणाले. चिडले होते, आणि ते रास्तच होतं. जुन्या वाईट हालचालीचीही एक लय बसलेली असते. ती मोडली की नवी लय बसेपर्यंत दोन्हीकडचं जातं. मला वाटतं बरेचसे हौशी खेळाडू नेमके इथेच माघार घेतात. दोन आठवडे आकडे पडले की ‘हे माझ्या अंगाला जमत नाही’ म्हणून जुन्यावर परत. अण्णा टिकून राहिले ते माझ्या सांगण्यामुळे नव्हे. डिस्क गोळा करायला जाताना एक गोष्ट त्यांच्या पायांना कळली. आधी दहा डिस्क गोळा करायला मैदानभर नागमोडी फिरावं लागायचं. साठ फुटांच्या पट्ट्यात त्या विखुरलेल्या असायच्या. आता सगळ्या जवळ-जवळ एका ओळीत पडत होत्या. “भाजी वेचल्यासारखं उचलता येतंय,” असं त्यांनी वहीत लिहिलं आहे, आणि त्या ओळीला उद्गारचिन्ह नाही. मेच्या अखेरीस आकडा २३८ झाला. चौदा महिन्यांची भिंत ओलांडली गेली ती अशी, काही न गाजवता.

दुसरी दुरुस्ती पायाची. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत आवडते ती हीच.

हेलियर पार्कमध्ये सकाळी एक निवृत्त गृहस्थ एकटेच खेळतात. सत्तरीचे असावेत. दोन पावलं चालून, आळस दिल्यासारखं फेकतात आणि डिस्क २८० फूट जाते. त्यांनी एकदा अण्णांना पाहिलं आणि एवढंच म्हणाले की डिस्क सुटते तेव्हा तू अजून चालतोच आहेस. झालं. पुढे निघून गेले.

म्हणणं बरोबर होतं. बॅकहँडचा रन-अप तिरक्या पावलांचा असतो. मागचा पाय पुढच्याच्या मागून टाकतात, म्हणून त्याला एक्स-स्टेप म्हणतात. शेवटचं पाऊल उजव्या पायाचं. तो टेकला की शरीराचं पुढे जाणं तिथे अडायला हवं, म्हणजे ती गती कमरेतून खांद्यात, खांद्यातून हातात चढते. याला ब्रेस म्हणतात. अण्णांचा उजवा पाय टेकायचा आणि गुडघ्यात मऊ व्हायचा, आणि अख्खं शरीर त्याच्यावरून पुढे वाहून जायचं. हेही त्यांनी व्हिडिओंत पाहिलं होतं. ‘ब्रेस करा’ ऐकून ते पाय जोरात आपटायचे, त्याने गुडघा दुखायचा आणि डिस्क तेवढीच जायची.

जूनमधल्या एका संध्याकाळी आम्ही त्यांच्याकडे जुन्या क्रिकेट सामन्यांचे तुकडे पाहत होतो. झहीर खान धावत आला, त्याची ती ओळखीची उडी, आणि पाय टेकला. अण्णांनी रिमोट उचलून चित्र थांबवलं.

“उजवा,” ते म्हणाले.

“काय उजवा?”

“झ्याकचा पुढचा पाय उजवा. डावखुरा ना तो! लेका, मी आयुष्यभर बोलिंग टाकली, पुढचा पाय ताठ ठेवायचा हे मला झोपेत पण माहितीय. पण माझा तो डावा पाय आहे. इथे उजवा टेकतो म्हणून ओळखच पटली नाही मला.”

वेगवान गोलंदाज शेवटच्या उडीनंतर पुढचा पाय टेकतो तेव्हा तो गुडघ्यात न वाकता खांबासारखा उभा राहिला की धावण्यातून आलेली गती वर चढते आणि चेंडूला मिळते. पाय मऊ पडला की वेग गेला. उजव्या हाताच्या गोलंदाजाचा हा पाय डावा. उजव्या हाताच्या बॅकहँडमध्ये तोच उजवा. अण्णांच्या डाव्या पायाकडे वीस वर्षांचं ज्ञान होतं आणि उजव्याला त्याची वार्ताही नव्हती. पुढचा आठवडाभर त्यांनी गॅरेजमध्ये श्रीरामपूरच्या झहीरची नक्कल केली. डाव्या हाताने, चेंडूविना, उडीसकट. शेजारच्या चिनी आजोबांनी दोन दिवस लांबून पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी विचारलं, सगळं ठीक आहे ना. रविवारी ते मैदानावर आले, उजवा पाय टेकवला, आणि मला बाजूने उभं असताना प्रथमच त्यांचं डोकं थांबलेलं दिसलं. ब्रेस लागला की नाही हे पायाकडे पाहून नीट कळत नाही. डोकं त्या क्षणी पुढे सरकतंय का ते पाहावं.

उपमा कितीही चांगली असली तरी शेवटपर्यंत चालत नाही, हेही नोंदवायला हवं. गोलंदाज चेंडू सोडल्यावर पुढच्या पायावरून सरळ खेळपट्टीकडे निघून जातो. बॅकहँडमध्ये अंग त्या पायाभोवती फिरतं. पाऊल जमिनीला चिकटून राहिलं आणि अंग फिरलं तर सगळा पीळ गुडघ्यात जातो. अण्णांना जुलैत दोन आठवडे गुडघ्याने घरी बसवलं ते यामुळेच. टेकताना पाऊल लक्ष्याकडे थोडं उघडं ठेवायचं आणि सोडल्यावर टाचेवर फिरू द्यायचं, हे झहीरकडून शिकता येत नाही.

त्या दोन आठवड्यांत आणखी एक घडलं, त्याचं श्रेय अण्णांच्या आईंना. सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. ड्रायरवर त्यांचा विश्वास नाही. कपडे मागच्या अंगणात दोरीवर. अण्णा खुर्चीत बसून ओला पंचा हातात घेऊन बॅकहँडची हालचाल करत होते. टॉवेल झटकून स्नॅप, म्हणजे शेवटचा हिसका, शिकायचा सराव डिस्क गोल्फवाले करतातच. पंचा नुसता भिरभिरत होता, आवाज काही येईना.

“ओढतोयस काय असा? झटक की!” म्हणत आईंनी पंचा हिसकावून घेतला आणि एकदाच झटकला. फट्‌! आवाज कुंपणापलीकडे गेला असेल.

त्यांचा हात पाहिला तर जेमतेम वीतभर हलला होता. सावकाश निघाला, शेवटच्या क्षणी वेगात आला आणि जागीच थांबला. हात थांबला म्हणून पंचा धावला. अण्णा पहिल्या इंचापासून शेवटपर्यंत जोर लावत होते, त्यामुळे पंच्याला पुढे निघून जायला संधीच नव्हती. आईंना डिस्क गोल्फ म्हणजे काय हे अजूनही ठाऊक नाही. त्यांना तो पंचा नीट वाळायला हवा होता, एवढंच. अण्णांनी मैदानावर परतल्यावर डिस्क छातीच्या उजव्या बाजूपर्यंत जवळजवळ आळसावून आणायला सुरुवात केली आणि जोर फक्त तिथून पुढे. ऑगस्टअखेर वही म्हणते: २६६. त्या निवृत्त गृहस्थांच्या आळसाचं कोडंही उलगडलं.

तिसरी गोष्ट नाकाची. इथे माझा थोडा वाद झाला आणि मी जिंकलो, म्हणून ती मी जरा खुलवून सांगणार आहे.

डिस्कच्या पुढच्या कडेला नाक म्हणतात. अण्णांच्या डिस्क अजूनही एका उंचीनंतर हवेत थबकायच्या, जणू पायरीला ठेचकाळल्या, आणि डावीकडे कोसळायच्या. मी म्हणायचो नाक वर आहे. ते म्हणायचे, मी सपाट फेकतो, तूच बघ, व्हिडिओत डिस्क सपाट दिसते. ऑक्टोबरमध्ये गटातल्या एकाने टेकडिस्क आणली. मधोमध संवेदक बसवलेली डिस्क. जाळीत फेकली की वेग, फिरकी, सुटण्याचा कोन आणि नाकाचा कोन फोनवर दाखवते. अण्णांचा वेग ताशी ५३ मैल निघाला. एवढ्या वेगात पावणेतीनशेच्या पुढे जायलाच हवं. नाकाचा कोन: अधिक ७ अंश.

नाक वर असणं आणि वर फेकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नाकाचा कोन जमिनीशी मोजत नाहीत, डिस्क ज्या वाटेने चालली आहे त्या वाटेशी मोजतात. डिस्क दहा अंश वर चढत असेल आणि तिचं पातंही दहा अंशच कललेलं असेल, तर नाक शून्य. ती हवा कापत जाते. वाट सपाट आणि पातं सात अंश उचललेलं, तर पोटावर वारा घेत जाते, वर ढकलली जाते, वेग संपतो. म्हणजे अण्णांनी डिस्क खाली फेकून भागणार नव्हतं. थोडी वरच फेकायची होती, पण नाक वाटेला धरून.

“पण डावीकडे का पडते? वर ढकलतोय तर मागे उलटायला पाहिजे.”

याचं उत्तर मी भोवऱ्याने दिलं. फिरता भोवरा कलला की धपकन पडत नाही. कललेल्या अवस्थेत गोल गोल डोलतो. फिरणाऱ्या वस्तूला ढकललं तर ती ढकलल्या दिशेला न झुकता काटकोनात झुकते. उजव्या हाताच्या बॅकहँडची डिस्क वरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते. तिचं नाक वाऱ्याने उचलू पाहिलं की ती डाव्या अंगावर कलते. फिरकी भरपूर असेपर्यंत हे सावकाश होतं, वेग आणि फिरकी उतरली की लवकर. भोवऱ्याची जाळी सोडताना हिसका कमी पडला तर आरेवर उभा राहण्याआधीच तो डोलायला लागतो, तसंच. अण्णा लहानपणी हातजाळीत तरबेज. ते ऐकत राहिले, मग म्हणाले, “म्हणजे आईचा हिसका आणि हे नाक, दोन्ही पाहिजे.”

दुरुस्ती मनगटाची होती. हात मागे असताना मनगट करंगळीच्या बाजूला खाली झुकवायचं. इंग्रजीत कॉफी ओतण्याची उपमा देतात. अण्णांना ती कधी लागू पडली नाही, कारण ते कॉफीचा मग ओतत नाहीत, पितात. मी म्हटलं, लग्नाच्या पंगतीत किटलीतून चहा ओतताय. कान धरलेली जड किटली, अंगठा वर, मनगट पुढे झुकवलं की तोटी खाली. त्यांनी टेकडिस्क हातात घेतली, मागे नेली, “घ्या, चहा घ्या,” म्हणत मनगट झुकवलं आणि फेकली. अधिक २. पुढची उणे १. अंगठाही मधून काढून कडेकडे सरकवला. वेग तोच, ५३. त्या शनिवारी मैदानावर २९१.

तीन दुरुस्त्या टिकल्या आणि आठ टिकल्या नाहीत, यातला फरक माझ्या मते असा. माहिती सगळीकडे तीच होती. मिठी, ब्रेस, हिसका, नाक, हे सगळं त्यांनी इंग्रजीत अनेकदा ऐकलं होतं. टिकलं ते, जे अंगाला आधीच येत असलेल्या एखाद्या हालचालीला जाऊन भिडलं: झहीरचा पाय, ओला पंचा, किटली. ‘कंबर आधी’ या बरोबर वाक्याला अण्णांच्या अंगात उतरायला जागा नव्हती. मिठीच्या बाबतीत अशी जुनी ओळख मिळाली नाही, म्हणून तिथे तक्क्या लागला, आणि सर्वांत जास्त वेळ आणि फूटही तिथेच गेले. हे माझं एका माणसावरून काढलेलं अनुमान आहे. ज्याने लहानपणी भोवरा फिरवला नाही, गोलंदाजी केली नाही, त्याला दुसरं काही शोधावं लागेल.

स्कोअरचं विचाराल तर लाज राखून सांगतो: १८ टोपल्यांमागे तीनेक फेकी कमी झाल्या. वीस फुटांवरून पट, म्हणजे टोपलीजवळच्या शेवटच्या फेकी, अजूनही साखळीला लागून बाहेर येतात, आणि खेळाचे बहुतेक गुण तिथेच जातात. वहीत पटसाठी रकानाच नाही. तो आखा म्हणून मी दोनदा सांगून पाहिलं. अण्णांना लांबच फेकायचं आहे.

जानेवारी २०२४ मध्ये आम्ही हायवे १७ ने डोंगर ओलांडून सांताक्रूझला गेलो. तिथला डेलाविआगा कोर्स १९८४ पासूनचा, ओकच्या झाडीत, उतारांनी भरलेला. २७ वी टोपली म्हणजे तिथली प्रसिद्ध ‘टॉप ऑफ द वर्ल्ड’. टी डोंगरमाथ्यावर, टोपली खूप खाली, साडेपाचशे फुटांच्या आसपास, आणि हवा स्वच्छ असली की समोर मॉन्टेरे बे. अण्णांनी डिकीतून आणलेली डिस्ट्रॉयर काढली. मी काही बोललो नाही. अट एव्हाना संपली होती. तीन पावलं, उजवा पाय टेकला, डोकं थांबलं, आणि तोंडाने पुटपुटले ते मला ऐकू आलं: “घ्या, चहा घ्या.”

डिस्क सुटली ती उजवीकडे कलली. दोन वर्षांत त्यांच्या हातून डिस्ट्रॉयर उजवीकडे वळलेली मी पहिल्यांदा पाहिली. बराच वेळ समुद्राच्या बाजूला तरंगत गेली, मग तिला आठवण झाल्यासारखी डावीकडे फिरली आणि टोपलीच्या अलीकडच्या घळीत, पानं गळून गेलेल्या झुडपांत उतरली. अण्णा मला मागे टाकून उतारावरून पळत सुटले. ती झुडपं पॉयझन ओकची होती, अंगाला लागलं की पुरळ उठवणारी. हिवाळ्यात पानं नसतात म्हणून ओळखू येत नाहीत, काड्यांनीही अंगावर तेवढंच उठतं. डिस्क मिळाली. पुढच्या शनिवारी ते मैदानावर आले तेव्हा दोन्ही हातांना कोपरापर्यंत गुलाबी कॅलामाइन फासलेलं होतं, आणि वहीत आकड्याच्या जागी रेघ होती. शेजारच्या रकान्यात: ‘फुल बाह्यांचा शर्ट. आज सापडलं!’